पाणी कुठपर्यंत आलंय?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांमध्ये क्युसेकचे आकडे यायला लागतात. नाशिककर मात्र एकमेकांना वेगळाच प्रश्न विचारतात: "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" हा मारुती म्हणजे रामकुंडाजवळ गोदापात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या पायांना लागतं, गुडघ्यांपर्यंत चढतं, कमरेला येतं, मग छातीला, गळ्याला, आणि शेवटी डोक्यावरून जातं. घाटावरचे दुकानदार सामान हलवायचं का आणि कधी, ते याच पायऱ्यांवरून ठरवतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती पूर्ण बुडाला होता. त्याच्याही वरची पायरी म्हणजे काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागणं; जुने नाशिककर महापूर म्हणतात तो त्याला.

या मोजपट्टीवर अंतरं लिहिलेली नाहीत. गुडघ्यापासून कमरेपर्यंत यायला किती क्युसेक लागतात आणि कमरेपासून छातीपर्यंत किती, हे कोणी सांगत नाही. ती अंतरं सारखी असण्याचं कारणही नाही. पाणी वर चढेल तसं ते दोन्ही काठांना पसरत जातं, आणि धरणाच्या खाली शहरातले नाले आपापलं पाणी नदीत घालतच असतात. पण कंबर गुडघ्याच्या वर आहे आणि छाती कमरेच्या वर, याबद्दल वाद नाही. आपल्याला फक्त क्रम ठाऊक आहे, आणि गावाला शहाणपणाने वागायला तेवढा पुरतो.

मी डेटाबेसवर काम करते. आकड्यांच्या टेबलांशी रोज संबंध येतो, आणि जितकं काम करते तितकं मला पटत जातं की या मारुतीइतकी प्रामाणिक मोजपट्टी फार थोड्या ठिकाणी असते. आपण बहुतेक गोष्टींना आकडे देतो; त्या आकड्यांमधलं खरं असतं ते पुष्कळदा क्रमापुरतंच. अंतर आपण गृहीत धरलेलं असतं.

समजा एका टेबलात रोजचा धरणातला विसर्ग आहे आणि शेजारच्या कॉलममध्ये त्या दिवशी पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते. प्रश्न असा: ज्या दिवशी विसर्ग जास्त, त्या दिवशी पाणीही वरच्या पायरीवर, असं किती नेमाने घडतं? कार्ल पिअर्सनच्या नावाने ओळखला जाणारा नेहमीचा सहसंबंध इथे चालत नाही. त्याला सरासरी हवी, सरासरीपासूनचं अंतर हवं. कमरेतून गुडघा वजा करून काय उरतं? घंटा धरून पायऱ्यांना एक ते सात आकडे दिले की वजाबाकी होते, उत्तरही येतं, पण मग सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत असं आपण परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

चार्ल्स स्पिअरमनने १९०४ साली दोन गोष्टींमधला संबंध मोजण्याबद्दलचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तो ब्रिटिश सैन्यात अधिकारी होता; सैन्य सोडून लाइपझिगला वुंटच्या प्रयोगशाळेत मानसशास्त्र शिकायला गेला. शाळेतल्या मुलांची हुशारी शिक्षकांनी लावलेल्या क्रमाने त्याच्यासमोर येत होती. हा मुलगा त्या मुलापेक्षा पुढे आहे हे शिक्षक सांगू शकत होते, कितीने पुढे हे नाही. तेव्हा दोन्ही बाजूंचे आकडे सोडून द्यायचे, प्रत्येकाचा क्रम घ्यायचा, आणि ते दोन क्रम किती जुळतात ते मोजायचं. उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्या मध्ये. दोन्ही क्रम तंतोतंत जुळले तर एक, बरोबर उलटे असतील तर उणे एक. त्या मोजमापाला आपण रो म्हणतो. पुढे १९३८ मध्ये मॉरिस केंडॉलने क्रमांवरचंच दुसरं माप दिलं, टाउ; त्यात दिवसांच्या प्रत्येक जोडीला विचारलं जातं की दोन्ही कॉलम तिला एकाच दिशेने लावतात की उलट्या. टाउचा अर्थ सांगायला सोपा. पण साध्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला लिहून विचारलेल्या प्रश्नात, ते टेबल स्वतःशीच जोडावं लागतं आणि ओळी वाढल्या की काम वर्गाने वाढतं, म्हणून मी बहुतेक वेळा रोवरच थांबते.

माझं रोजचं काम कांद्याशी आहे. निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा डेटाबेस मी सांभाळते. लासलगाव बाजार समिती, तिचे निफाड आणि विंचूरचे उपबाजार, आणि पिंपळगाव बसवंत, इथली रोजची आवक क्विंटलमध्ये आणि किमान, कमाल, सरासरी भाव रुपयांत, अशा ओळी त्यात वर्षानुवर्षे साठत आल्या आहेत. कंपनीचे एक ज्येष्ठ संचालक आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी एकदा विचारलं, "ताई, आवक वाढली की भाव पडतो हे तर शेंबड्या पोरालाही माहितीये. त्याला क्वेरी कशाला पाहिजे?"

प्रश्न रास्त होता. पडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. किती नेमाने पडतो, कोणत्या हंगामात जास्त नेमाने, आणि कधी आवक तशीच असूनही पडतो, हे मात्र जो तो आपल्याला आठवणाऱ्या दिवसांवरून सांगतो. आणि आठवतात ते टोकाचे दिवस.

कांद्याच्या भावात टोकाचे दिवस फार. समजावण्यापुरते पाच दिवस मनाने घेऊ. आवक ८, १०, १२, १५ आणि १८ हजार क्विंटल. सरासरी भाव त्याच क्रमाने ४२००, १९००, १७५०, १८०० आणि १४०० रुपये. आवकेचे क्रम सरळ एक ते पाच. भावाचे, लहानाकडून मोठ्याकडे, पाच, चार, दोन, तीन, एक. दोन्ही क्रमांतला फरक प्रत्येक दिवसासाठी काढायचा, त्याचा वर्ग करायचा: सोळा, चार, एक, एक, सोळा. बेरीज ३८. शाळेत शिकवतात ते सूत्र म्हणतं की या बेरजेला सहाने गुणा, दिवसांची संख्या आणि तिच्या वर्गातून एक वजा करून येणारी संख्या यांच्या गुणाकाराने भागा, आणि ते एकातून वजा करा. २२८ भागिले १२०, म्हणजे १.९, एकातून गेले की उणे ०.९. त्याच पाच दिवसांचा पिअर्सनचा सहसंबंध येतो साधारण उणे ०.७५.

आता पहिल्या दिवसाचा भाव ४२०० ऐवजी २१०० करून बघा. तो अजूनही पाचांत सगळ्यात मोठाच आहे, म्हणून क्रम हलत नाहीत आणि रो उणे ०.९ वरच राहतो. पिअर्सन मात्र उणे ०.७५ वरून उणे ०.९३ वर जातो. बाकीचे चार दिवस जसेच्या तसे. एका दिवसाने सगळं उत्तर ओढून नेलं. ज्या बाजारात भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट होतात आणि तितक्याच वेगाने कोसळतात, तिथे संबंध किती नेमाचा आहे हे विचारायचं असेल तर मला क्रमच विश्वासाचा वाटतो.

तरी इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. रोला ४२०० आणि २१०० यांत फरक दिसत नाही. पंचवीस क्विंटलची ट्रॉली घेऊन आलेल्या माणसासाठी तो फरक ५२,५०० रुपयांचा आहे. क्रमसहसंबंध काढताना आपण जाणूनबुजून जे टाकून देतो, त्यात त्या घराचं वर्ष असतं. म्हणून कंपनीच्या बैठकीत मी रो कधी एकटा मांडत नाही. त्याच्या शेजारी त्या काळातला सर्वांत कमी, मधला आणि सर्वांत जास्त भाव ठेवते. संबंधाचा नेम एका कॉलममध्ये, रुपये दुसऱ्यात. दोन्ही एकाच आकड्यात बसवायचा आग्रह धरला की दोन्ही बिघडतात.

हे सगळं डेटाबेसच्या आतच का करायचं, असं तरुण सहकारी विचारतात. ओळी बाहेर काढायच्या, पायथनमध्ये टाकायच्या, तिथे एका ओळीत रो मिळतो. खरं आहे. पण रोज सकाळी नव्या ओळी येतात, बाजार अनेक, हंगाम तीन, आणि प्रत्येक वेळी फाइल काढून नेली की कोणाकडे कोणती फाइल आहे याचा पत्ता राहत नाही. क्वेरी असली की विचारलेला प्रश्न आणि त्याची माहिती एकाच जागी राहतात. काय गाळलं, काय धरलं, हे कोणालाही उघडून वाचता येतं. मला त्या उघडेपणाची किंमत वाटते.

आणखी एक कारण आहे, ते जरा मनातलं. एडगर कॉडने १९७० साली रिलेशनल टेबलाची कल्पना मांडली तिच्या मुळाशीच असं आहे की टेबलातल्या ओळींना क्रम नसतो. टेबल म्हणजे संच. पहिली ओळ, शेवटची ओळ असं त्यात काही नाही. क्रम हा विचारणाऱ्याने आणायचा असतो. आणि आपल्याला तर नेमका क्रमच मोजायचा आहे! पूर्वी यासाठी प्रत्येक ओळीला पोटक्वेरीतून विचारावं लागे: तुझ्यापेक्षा लहान किती जणी आहेत? त्यात एक मिळवला की तिचा क्रम. व्याख्या म्हणून हे सुंदर आहे, काम म्हणून रडतखडत चालतं. क्वेरी लिहायच्या एसक्यूएल भाषेच्या २००३ च्या मानकाने विंडो फंक्शन्स दिली आणि ओळीला स्वतःची जागा न सोडता आजूबाजूच्या ओळींकडे बघता यायला लागलं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती २००९ ला आली, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट या दुसऱ्या दोन डेटाबेसमध्ये २०१८ ला. आता रँक, ओव्हर, ऑर्डर बाय, भाव, एवढं लिहिलं की प्रत्येक ओळीला तिचा क्रम मिळतो.

पोस्टग्रेसमध्ये कॉर नावाचं फंक्शन आहे, ते पिअर्सनचा सहसंबंध देतं. आणि रो म्हणजे दुसरंतिसरं काही नसून क्रमांवर काढलेला पिअर्सनच आहे. म्हणजे आत एक क्वेरी, ती दोन्ही कॉलमना क्रम देते. तिच्यावर बाहेरची क्वेरी, ती त्या दोन क्रमांवर कॉर लावते. एकाच पायरीत कॉरच्या पोटात रँक लिहिता येत नाही, कारण विंडो फंक्शन्स गटाची बेरीज झाल्यानंतर चालतात, आधी नाही. म्हणून विथ लिहून आतली पायरी वेगळी करायची. ओरॅकलमध्ये कॉर-एस आणि कॉर-के अशी तयार फंक्शन्स आहेत, स्पिअरमन आणि केंडॉल या दोघांसाठी. मायएसक्यूएलमध्ये साधा सहसंबंधही तयार मिळत नाही. बेरजा, वर्गांच्या बेरजा आणि गुणाकारांची बेरीज मांडून तो स्वतः उभा करावा लागतो.

इथपर्यंत अर्ध्या तासाचं काम. खरी कसोटी बरोबरीच्या ओळींत आहे.

वर्गात दोन मुलांना सारखे गुण मिळाले की दोघांचाही दुसरा नंबर येतो आणि पुढच्याचा चौथा. रँक फंक्शन हेच करतं. डेन्स रँक पुढच्याला तिसरा देतं. रो नंबर (इथला रो म्हणजे ओळ, स्पिअरमनचा रो नव्हे) दोघांना दुसरा आणि तिसरा असे वेगवेगळे क्रम देतं आणि कोणाला कोणता ते डेटाबेसच्या मर्जीवर. क्वेरी पुन्हा चालवली तर ते बदललेलेही असू शकतात. स्पिअरमनच्या हिशेबाला या तिन्हींपैकी एकही चालत नाही. त्याला दोघांनी दुसरी आणि तिसरी जागा मिळून अडवली आहे असं धरून दोघांनाही अडीच द्यावे लागतात. न्याय्य आहे हे: बरोबरीतल्या कोणालाही पुढे काढायचं नाही आणि कोणालाही मागे लोटायचं नाही.

एसक्यूएलमध्ये हा अडीच मिळवायला रँक घ्यायचा, त्या भावाच्या एकूण किती ओळी आहेत ते त्याच भावाचं पार्टिशन करून, म्हणजे सारख्या भावाच्या ओळींचा गट पाडून मोजायचं, त्यातून एक वजा करून दोनने भागायचं आणि रँकमध्ये मिळवायचं. तीन दिवस एकाच भावाचे आणि रँक चार असेल तर चार अधिक एक, पाच. दोन दिवस असतील तर चार अधिक अर्धा. त्या अर्ध्यावर लक्ष ठेवावं लागतं: पोस्टग्रेसमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळून पडतो, एक भागिले दोन शून्य होतो, आणि क्वेरी काहीही तक्रार न करता सगळ्यांना साधा रँकच देऊन मोकळी होते. भागताना दोन ऐवजी दोन पूर्णांक शून्य लिहायचं, एवढाच उपाय. पडताळाही सोपा आहे. क्रमांची बेरीज घ्यायची; ती दिवसांची संख्या गुणिले तिच्याहून एक जास्त, भागिले दोन एवढीच यायला हवी, दोन्ही कॉलममध्ये. न आल्यास आत कुठेतरी बरोबरी चुकीची सुटली आहे.

बरोबरीच्या ओळी थोड्या असत्या तर या सगळ्याने फारसा फरक पडला नसता. पण सरासरी भाव बऱ्याचदा गोल आकड्यांत नोंदले जातात, आणि मारुतीच्या पायऱ्या तर घंटेसकट मोजून सात. पावसाळ्याच्या शेकडो नोंदींत "गुडघे" किती वेळा येईल! तिथे बहुतेक सगळ्या ओळी कोणाच्या ना कोणाच्या बरोबरीतच असतात. शिवाय तो कॉलम अक्षरांत लिहिलेला असेल आणि कोणी सरळ त्याच्यावर ऑर्डर बाय लावलं, तर डेटाबेस वर्णमालेने जातो: कंबर, गळा, गुडघे, घंटा, छाती, डोकं, शेवटी पाय. पाण्याने पाय ओले झाले हा महापूर ठरतो. पोस्टग्रेसमध्ये यासाठी ईनम प्रकार आहे. ज्या क्रमाने पायऱ्या जाहीर कराल तोच क्रम तो पाळतो. मग पायऱ्यांना आकडे द्यायची गरजच पडत नाही.

आता न भरलेल्या दिवसांबद्दल. सगळ्यात मोठी खोट इथे येते आणि ती दिसत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

बाजार रोज चालत नाही. रविवार असतो, दिवाळीची सुट्टी असते, व्यापाऱ्यांचा किंवा हमाल-मापाऱ्यांचा बंद असतो. अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची प्रथा लासलगावात कितीतरी वर्षे होती. अशा दिवसाची ओळ टेबलात कशी दिसते? कुठे ती नसतेच. कुठे आवक आणि भाव दोन्ही रिकामे, नल. आणि कुठे नोंद करणारा कष्टाळू असतो, रिकामी जागा ठेवणं त्याला बरं वाटत नाही, म्हणून दोन्हीकडे शून्य भरतो.

मघाच्या पाच दिवसांत असे दोन बंद दिवस शून्यांनिशी घालून बघू. आवकेच्या क्रमात ते दोघे तळाला, प्रत्येकी दीड. भावाच्या क्रमातही तळाला, प्रत्येकी दीड. सर्वांत कमी आवक, सर्वांत कमी भाव! बाकीचे पाच दिवस अजूनही उलटेच चालले आहेत, पण या दोन दिवसांनी दोन्ही कॉलम खालून घट्ट बांधून टाकले. रो उणे ०.९ होता, तो अधिक ०.३१ झाला. पाच खऱ्या दिवसांनी सांगितलेलं दोन बंद दिवसांनी फिरवलं. आणि हेच शाळेतल्या सूत्राने काढलं तर ०.३२ येतो, कारण ते सूत्र बरोबरी नाही असं धरून चालतं. इथे फरक दुसऱ्या दशांश स्थळाचा आहे. मारुतीसारख्या सात पायऱ्यांच्या कॉलमवर तो बराच मोठा होऊ शकतो. म्हणून बरोबरीचे क्रम आणि त्यांवर कॉर, हा लांबचा रस्ताच धरावा.

टोकाच्या आकड्यांपासून क्रम आपल्याला वाचवतो, खोट्या ओळींपासून वाचवत नाही. एवढं मनात पक्कं केलं की पुष्कळ घोळ टळतात.

नलचं वागणं आणखी फसवं. कॉर फंक्शन दोहोंपैकी एक जरी नल असलं तरी ती जोडी सोडून देतं, म्हणून वाटतं की काळजी नाही. पण आपण कॉरला भाव देतच नाही, भावाचा क्रम देतो, आणि रँक नललाही क्रम देऊन बसतं. पोस्टग्रेसमध्ये चढत्या क्रमात नल शेवटी जातात, म्हणजे ज्या दिवशी भाव ठाऊकच नाही तो दिवस सर्वांत महाग ठरतो. मायएसक्यूएलमध्ये ते सुरुवातीला येतात, म्हणजे तोच दिवस सर्वांत स्वस्त. एकच टेबल दोन डेटाबेसमध्ये दोन उत्तरं देईल, आणि दोन्हीकडे चूक दाखवणारा कोणताही संदेश येणार नाही. तेव्हा आधी गाळणी, मग क्रम: दोन्ही कॉलम भरलेले आहेत आणि त्या दिवशी लिलाव खरोखर झाला आहे, अशाच ओळी आतल्या पायरीत घ्यायच्या. गाळणी क्रम लावल्यानंतर करून उपयोग नाही. तोपर्यंत उरलेल्या ओळींचे क्रम त्या पाहुण्यांनी सरकवलेले असतात.

जोडणीचंही असंच. आवकेचं टेबल वेगळं आणि भावाचं वेगळं असेल आणि ती फक्त तारखेवर जोडली, तर लासलगाव, निफाड, विंचूर यांच्या तीन ओळींना तीन ओळी लागून नऊ होतात. विंचूरची आवक निफाडच्या भावाशेजारी जाऊन बसते. बाजार आणि तारीख दोन्हींवर जोडायचं, आणि रोच्या शेजारी जोड्यांची संख्या छापायची. ती संख्या वाचली की हा घोटाळा लगेच कळतो.

एवढं सगळं नीट केलं आणि सबंध वर्षाचा एक रो काढला, तर आप्पा त्याकडे बघून म्हणाले, "हे कोणत्या कांद्याचं?" मला वाटतं, सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता.

लाल कांदा निघाला की विकावा लागतो. त्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. शेतकऱ्याला भाव बघून थांबायची मुभा नसते. काढणी होईल तशी आवक होते. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो आणि साठवणीच्या चाळीत चार-सहा महिने राहतो. वजन घटतं, काही सडतो, पावसाळ्यात काहीला कोंब येतात, तरी राहतो. तिथे आवक म्हणजे हजारो घरांनी त्या आठवड्यात घेतलेला निर्णय. आप्पांच्याच शब्दांत, "भाव चढला की आम्ही चाळ फोडतो. आवक आपोआप येत नाही ताई, आम्ही आणतो." म्हणजे एका कांद्यात आवक भावाला ढकलते, दुसऱ्यात भावही आवकेला बोलावतो. दोघांना एका टेबलात घुसळून काढलेल्या रोमधून यातलं काहीच वाचता येत नाही.

मग पार्टिशन बाय हंगाम. इथे एक बारकावा आहे. क्रम सबंध वर्षभरात लावून नंतर हंगामानुसार गट पाडून कॉर काढला, तरी क्वेरी चालते आणि आकडा येतो, पण तो त्या हंगामाचा रो नसतो. क्रमही हंगामाच्या आतच लागायला हवा. बाहेरच्या ग्रुप बायमध्ये जे आहे तेच आतल्या प्रत्येक पार्टिशनमध्ये असायला हवं, बरोबरी मोजणाऱ्या पार्टिशनमध्येसुद्धा. तिथे भावाबरोबर हंगाम आणि बाजार लिहायला विसरलं की दुसऱ्या हंगामातल्या सारख्या भावाच्या ओळी येऊन मिसळतात.

आप्पांचं "आम्ही आणतो" तपासायला मागच्या ओळीतला आकडा आणून देणारं लॅग फंक्शन लागतं: आजची आवक, आणि आदल्या लिलावाच्या दिवसाचा भाव. आदली तारीख घ्यायची नाही, आदला बाजाराचा दिवस घ्यायचा. सोमवारी येणाऱ्या ट्रॉल्या शनिवारचा भाव ऐकून निघालेल्या असतात. आणि भाव किती होता यापेक्षा तो किती चढला-उतरला, त्या बदलांना क्रम लावणं मला जास्त योग्य वाटतं. लागोपाठचे दिवस एकमेकांना चिकटलेले असतात. दोन महिने भाव हळूहळू चढत असेल आणि आवक हळूहळू घटत असेल, तर रोज नवा पुरावा मिळतोय असं दिसतं, प्रत्यक्षात ती एकच मोठी चाल असते. याच कारणासाठी पुस्तकातल्या कोष्टकात बघून "हा संबंध निश्चित" असं मी सांगत नाही. ती कोष्टकं स्वतंत्र नोंदींसाठी केलेली आहेत, आणि बाजाराचा कोणताही दिवस कालच्यापासून स्वतंत्र नसतो.

आणि काही काळ असे असतात की त्यांना वेगळी चौकट द्यावीच लागते. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती मे २०२४ मध्ये उठली, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य ठेवून. बंदी आली त्या आठवड्यात भाव पडले ते आवक वाढली म्हणून नाही, दिल्लीहून आलेल्या एका अधिसूचनेने. ते दिवस बाकीच्या दिवसांत मिसळले तर आवक आणि भाव यांचं नातं सैल पडल्यासारखं दिसतं. म्हणून आमच्या टेबलात आता धोरणाचा कॉलम आहे: निर्यात खुली, शुल्कासह, बंद. त्यानुसारही पार्टिशन होतं. चौकटी वाढतात तशा प्रत्येकीतल्या जोड्या कमी होत जातात, आणि फार थोड्या जोड्यांचा रो मी व्ह्यूमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या क्वेरीच्या उत्तरात, दाखवतच नाही, ती जागा रिकामी ठेवते. बैठकीत सगळ्यांची नजर आधी त्या रिकाम्या जागेवर जाते आणि मग तिथे का काही नाही यावर बोलणं होतं. मला ते बोलणं हवंच असतं.

उन्हाळ कांद्याबद्दल मात्र एक मोठी गोष्ट टेबलात नव्हतीच: चाळींत किती माल उरला आहे. वजन कोणी करत नाही आणि अंदाजाने क्विंटल सांगा म्हटलं तर प्रत्येक जण वेगळ्या हिशेबाने सांगतो. तेव्हा कंपनीने सभासदांना दर आठवड्याला फोनवर फक्त चाळीची अवस्था विचारायची असं ठरलं. पायऱ्या आप्पांनीच दिल्या: रिकामी, तळाला, अर्ध्यावर, शिगोशीग. मी त्या याच क्रमाने ईनममध्ये जाहीर केल्या आहेत, आणि पिंपळगावच्या बाजूच्या गावांची उत्तरं यायला लागली आहेत.